शेवटचा फोन कोणाचा होता? हेरांच्या सिरीजचा शेवट आपल्याला इतका का लागतो

शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये सात जणं एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली होती, कारण चार सीझन बघून झालेल्या सिरीजचा शेवटचा एपिसोड एकट्याने बघायची कोणाचीच तयारी नव्हती. सिरीजचं नाव लिहीत नाही, ज्यांची बघायची राहिलीय त्यांची मजा जायला नको. गोष्ट साधारण अशी की एक बाई परक्या देशात खोट्या नावाने वीस वर्षं संसार करतेय, ती हेर आहे हे नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि तिच्याच माणसांत कोणीतरी फितूर आहे. शेवटच्या सीनला ती स्वयंपाकघरात एकटी उभी असते, फोन वाजतो, ती हात पुढे करते आणि स्क्रीन काळी होते. संपलं.

पाच-सात सेकंद कोणी काही बोललंच नाही. मग एकदम सगळे सुरू झाले. एक मित्र उभा राहून ओरडतोय की फोन कोणाचा होता ते तरी सांगा, बहीण म्हणतेय की इतका सुंदर शेवट मी आजवर बघितला नाही, तिसरा म्हणतोय तीन वर्षं फुकट गेली. आणि माझी आत्या, बँकेतून रिटायर झालेली, एरवी सगळ्यात जास्त बोलणारी, ती गुपचूप उठून आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. मी मागोमाग गेलो तर पदराने डोळे टिपत होती. म्हटलं, अगं आत्या, काय झालं? तर म्हणाली, "काही नाही रे. आता ती परत दिसायची नाही."

त्या वाक्यामुळे मी गेले दोन आठवडे या विषयावर मिळेल ते वाचतोय, आणि वाचल्यावर एक नक्की पटलंय की आत्याचं रडणं आणि मित्राचं ओरडणं यात हसण्यासारखं काही नाही.

आत्याच्या रडण्यापासून सुरू करू. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी एक लेख लिहिला. टीव्ही तेव्हा तिकडे नुकताच घरोघरी पोचत होता, आणि या दोघांच्या लक्षात आलं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एक नातंच तयार होतं, आपण त्याला ओळखतो आणि त्याला आपला पत्ताही नसतो. या एकतर्फी नात्याला त्यांनी पॅरासोशल असा शब्द दिला. तोच चेहरा, तोच आवाज, हसण्याची तीच लकब पुन्हा पुन्हा जवळून दिसायला लागली की मनात ओळख तयार व्हायला लागते, आणि ही नटी आहे, हे सगळं खोटं आहे, हे डोक्याला नीट माहीत असूनही ती ओळख पुसली जात नाही.

हे नातं तुटतं तेव्हा काय होतं तेही तपासलं गेलंय. २००४ मध्ये फ्रेंड्स ही अमेरिकन सिरीज संपली, तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी २७९ विद्यार्थ्यांना विचारून बघितलं की आता तुम्हाला कसं वाटतंय. आवडत्या पात्राशी ज्यांचं नातं जास्त घट्ट, त्यांना जास्त त्रास झालेला दिसला, एकटेपणा असलेल्यांनाही थोडा जास्तच. खऱ्या ब्रेकअपपेक्षा हा त्रास कमी होता हे खरं, पण त्याची जात तीच होती. आत्याचं नेमकं तेच झालं होतं, म्हणून तर तिला कथानकाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं.

यात हेरांच्या सिरीजची गोष्ट अजून वेगळी आहे असं मला वाटतं. घरगुती मालिकेत पात्राचं मन घरातल्या इतरांनाही कळत असतं. हेर मात्र सगळ्यांशी खोटं बोलतो, नवऱ्याशी, मुलांशी, साहेबांशी, आणि त्याचं खरं रूप बघणारे जगात एकटे आपण असतो. बाथरूमचं दार लावून ती रडते तेव्हा आत आपण असतो, नवरा बाहेर! १९९७ मध्ये आर्थर ॲरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना साधारण पाऊण तास प्रश्न विचारायला लावले होते. काही जोड्यांना इकडच्या तिकडच्या गप्पांचे प्रश्न, काहींना हळूहळू खाजगी होत जाणारे. खाजगी बोललेल्या जोड्यांना एकमेकांबद्दल कितीतरी जास्त जवळीक वाटली. गुपित सांगितलं की माणूस जवळ येतो, आणि हेरांची सिरीज म्हणजे दर एपिसोडला कोणीतरी आपल्या कानात गुपित सांगतंय. चाळीस तास गुपितं ऐकलेली मैत्रीण एका रात्रीत गेली तर डोळ्यात पाणी येणारच ना.

आपल्याकडे निरोप द्यायची पद्धत आहे. दहा दिवस गणपती, मग ती रात्रभर चालणारी मिरवणूक, पुढच्या वर्षी लवकर या असं घसा बसेपर्यंत ओरडणं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी चौकातला रिकामा मांडव बघवत नाही. सिरीजला तर मिरवणूकही नसते. स्क्रीन काळी होते आणि पाच सेकंदांत दुसऱ्याच कुठल्यातरी सिरीजचा ट्रेलर सुरू होतो, हे मला खरंच क्रूर वाटतं.

आता मित्राचं ओरडणं. हेरांची सिरीज बघताना आपण सतत अंदाज बांधत असतो, फितूर कोण, हा खरं बोलतोय का, त्या ब्रीफकेसमध्ये काय. मेंदूला अंदाजाचं काय असतं हे समजून घ्यायला वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाचे माकडांवरचे प्रयोग फार उपयोगी आहेत. त्याने मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजली. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात पेटायच्या. मग आधी एक खूण, जसा दिवा, आणि नंतर ज्यूस असं पुन्हा पुन्हा केल्यावर पेशी दिव्यालाच पेटायला लागल्या आणि ज्यूस आला तरी शांत, कारण तो आता ठरलेलाच. आणि दिवा दाखवून ज्यूस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता बरोब्बर त्याच क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही खाली बसल्या. म्हणजे या पेशी मिळालेल्या सुखापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक मोजतात. १९९७ मध्ये सायन्स या नियतकालिकात हे सगळं एकत्र मांडलं गेलं आणि आजही मेंदूविज्ञानात ते पायाभूत मानलं जातं. माकडाच्या पेशींवरून माणसाचा अख्खा राग समजावता येणार नाही हे कबूल, पण चार सीझन दिवा पेटलेला ठेवायचा, फितूर कोण ते कळेल कळेल म्हणायचं, आणि ज्यूसच्या क्षणी काळी स्क्रीन, यात मित्राचं काय चुकलं?

तो पुढचे आठ दिवस त्या फोनबद्दलच बोलत होता. सकाळी टपरीवर चहा घेताना, रात्री गाडी लावताना, मध्येच म्हणायचा, मला वाटतं मुलीचाच फोन. यावर एक जुनी गोष्ट आहे. १९२७ मध्ये बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मुद्दाम अर्ध्यात थांबवली, तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट आठवली. हॉटेलातल्या वेटरला बिल होईपर्यंत सगळी ऑर्डर तोंडपाठ असते आणि बिल झालं की साफ विसरतो, तसं. पुढे इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा दर वेळी तसंच उत्तर आलं नाही, त्यामुळे आठवणीच्या बाबतीत मी फार छातीठोक बोलणार नाही. पण त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसियांकिना यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट जास्त टिकली, की अर्धवट सोडलेलं काम माणूस संधी मिळताच आपणहून परत हातात घेतो. मित्र रोज तो फोन उचलतोय तो असा.

पण मग एकाच सोफ्यावर बसून, तोच सीन बघून बहिणीला तो सुंदर का वाटला? बघताना तर आमचे सगळ्यांचे मेंदू बऱ्यापैकी एका तालात चालले असणार. उरी हॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून व्हिडिओ दाखवले आणि वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूची हालचाल कितपत जुळते ते मोजलं. सस्पेन्ससाठी प्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉकचा एक टीव्ही एपिसोड दाखवला तेव्हा कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, सुमारे ६५ टक्के भागात सगळ्यांची हालचाल जुळली आणि बागेत नुसता कॅमेरा ठेवून केलेलं शूटिंग दाखवलं तेव्हा ५ टक्क्यांपेक्षाही कमी भागात. चांगला दिग्दर्शक आपल्याला कुठे बघायचं, कधी घाबरायचं हे इतकं पक्कं ठरवून देतो. सस्पेन्समध्ये तर फारच.

ताल जुळला म्हणून अर्थ जुळेलच असं नाही. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांत फुटबॉलची फार मारामारीची मॅच झाली, एकाचं नाक फुटलं, एकाचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी नंतर दोन्ही कॉलेजांतल्या मुलांना मॅचची तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले. डार्टमथच्या मुलांना आपल्या टीमचे सरासरी ४.३ फाउल दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच टीमचे ९.८. ज्याने भरत नाट्य मंदिरात बसून पुरुषोत्तम करंडकाला आपल्या कॉलेजची आणि दुसऱ्या कॉलेजची एकांकिका बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. बहीण पहिल्या सीझनपासून त्या बाईच्या लग्नाची गोष्ट बघत होती, मित्र फितुराची. बहिणीच्या गोष्टीला शेवट मिळाला, कारण बाईने फोनकडे हात नेण्याआधी पहिल्यांदाच अंगठी काढून ओट्यावर ठेवली. मित्राने अंगठी बघितलीच नव्हती. खरं सांगतो, मीही नव्हती.

राहिला तिसरा, तीन वर्षं फुकट गेली म्हणणारा. माझा जीव या वाक्यात सगळ्यात जास्त अडकलाय. १९९३ मध्ये डॅनियल कानमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला सांगितला. एकदा १४ अंश पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर अजून ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं, म्हणजे तरी गारठाच पण किंचित कमी. जानेवारीत पाषाणला पहाटे टाकीच्या पाण्यात हात घालून बघा, १४ अंश म्हणजे काय ते कळेल. नंतर विचारलं की यातला एक प्रयोग परत करायचाय, कुठला करू? जवळपास ७० टक्के लोकांनी दुसरा निवडला, ज्यात त्रास सरळ सरळ जास्त वेळ होता. कारण आठवणीत वेळ जवळजवळ मोजलाच जात नाही, लक्षात राहतो तो सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट.

याच्या उलट बाजूही दाखवली गेलीय. २००१ मध्ये एड डीनर आणि सहकाऱ्यांनी लोकांना काल्पनिक आयुष्यांचे किस्से वाचायला दिले. मजेत जगून अचानक गेलेल्या माणसाचं आयुष्य लोकांना, त्यापुढे बरी पण साधारण वर्षं जोडलेल्या आयुष्यापेक्षा जास्त चांगलं वाटलं. तरुणपणीच गेलेल्या नटाच्या नावावरून त्यांनी याला जेम्स डीन परिणाम म्हटलं. एक सीझन जास्त ओढला की पहिल्या सीझनची आठवणही का फिकी पडते, ते यात आहे.

म्हणून मी त्या तिसऱ्याला सांगितलं, अरे, तू दर शुक्रवारी ऑफिसमधून धावत घरी यायचास, सिग्नलला उभा राहून मला अंदाज पाठवायचास, ते तास खरे होते, ते झाले. तुझी आठवण त्यांचा हिशोब नीट ठेवत नाहीये एवढंच. त्याला लगेच पटलं नाही.

आणि लोकांचा राग काही आजचा नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये द प्रिझनर या सिरीजचा सतरावा आणि शेवटचा एपिसोड लागला. नोकरी सोडलेला एक गुप्तहेर, त्याला एका विचित्र गावात डांबलेलं, नाव काढून घेऊन नंबर ६ केलेलं, आणि सगळ्या देशाला एकच प्रश्न, नंबर १ कोण? शेवटी मुखवटा ओढला तर आत माकडाचा मुखवटा, तो ओढला तर आत नायकाचाच चेहरा. चिडलेल्या प्रेक्षकांच्या फोनचा चॅनेलकडे पाऊस पडला. तोच शेवट आज, पन्नासहून जास्त वर्षांनी, लोक आवडीने चर्चा करत बघतात. शेवट तोच राहिला, ज्यूसची वाट बघणारे लोक बदलले.

आत्याने गेल्या रविवारी सिरीज पहिल्यापासून लावली. मी म्हटलं, अगं, सगळं माहीत असताना काय मजा? २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना शेवट आधीच सांगून कथा वाचायला दिल्या होत्या, तेव्हा त्या कथा लोकांना उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत विरुद्ध उत्तरही आलं, त्यामुळे वाद चालू आहे. आत्याला यातलं काही ऐकायचं नव्हतं. पहिल्या एपिसोडच्या अकराव्या मिनिटाला त्याच स्वयंपाकघरात तोच फोन वाजला, बाईने हात पुढे केला आणि आत्या ताडकन उठून बसली.

"थांब थांब, मागे घे जरा. अंगठी बघ तिची. आणि त्या ओरडणाऱ्याला फोन लाव, म्हणावं लगेच इकडे ये."