काँक्रीट ठोकायचं की ताणायचं?

काँक्रीट जुनं झालं की आपोआप ठिसूळ होतं, चार घाव घातले की निघतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांची अभिक्रिया 28 दिवसांनी थांबत नाही. ओलावा मिळत राहिला तर ती कित्येक वर्षं हळूहळू चालू राहते. आतली सळई गंजली नसेल, तर वीस वर्षांपूर्वीचा कोबा बहुधा ओतल्यानंतरच्या महिन्यापेक्षा जास्तच मजबूत असतो.

दुसरा समज ॲसिडचा: ते ओतलं की काँक्रीट विरघळून जातं. 'ओता आणि विसरा' छापाचे व्हिडिओ बघण्याआधी साधा हिशेब करा. एक घनमीटर काँक्रीटमध्ये 300 किलो सिमेंट धरलं, तर त्यातला नुसता चुना विरघळवायला बाजारातलं 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साडेसातशे किलोंहून जास्त लागतं. एवढं करून खडी आणि वाळू बहुतेक तशीच उरते, जमीन नासते ती वेगळीच.

काँक्रीटचं खरं मर्म दुसरीकडे आहे. दाब सोसण्यात ते पटाईत, पण ताण सोसण्याची त्याची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. प्रत्येक चौरस मिलिमीटरवर 25 न्यूटन दाब झेलणारं काँक्रीट अडीच न्यूटनच्या आसपासच्या ताणाला तडकतं. जमिनीवर घट्ट बसलेल्या कोब्यावर घण मारला की घाव दाब म्हणून खालच्या मातीत जिरतो. पहारीने कोब्याची कड तीन-चार सेंमी उचलून खाली दगड सरकवा आणि मग मारा. आता कोबा वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथून वर चढतो. दहा सेंमी जाडीपर्यंत, सळई नसेल तर, एवढी युक्ती पुरते.

अर्धा मीटर जाडीचा पाया मात्र उचलता येत नाही. ब्रेकर मशीनचा आवाज आणि हादरे शेजारच्या भिंतीला नको असतील तर चुना वापरतात. हे तंत्र फार सुंदर आहे. बाजारात मिळणारी काँक्रीट फोडायची पावडर म्हणजे मुख्यतः चुनकळी (भाजलेली चुनखडी), पण खूप कडक भाजलेली. साधी चुनकळी पाण्यात पडताच उकळून विरते. कडक भाजलेल्या कणांची छिद्रं मिटलेली असतात, म्हणून पाणी आत हळू शिरतं आणि पेस्ट भोकात ओतायला वेळ मिळतो. पाणी शोषून चुनकळीचा विरी गेलेला चुना होताना घन पदार्थाचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. भोकात जागा नसल्यामुळे ती वाढ भिंतींवर रेटा देते. दिवसभरात हा रेटा चौरस मिलिमीटरला 30 न्यूटनच्या पुढे जातो.

आता 40 मिमी व्यासाची भोकं 30 सेंमी अंतरावर एका ओळीत पाडली असं धरा. एका भोकाच्या खोलीच्या प्रत्येक मिलिमीटरला त्यातली पेस्ट 30 × 40, म्हणजे 1,200 न्यूटन बळाने दोन्ही बाजू अलग करू पाहते. त्यांना धरून ठेवणारं दोन भोकांमधलं काँक्रीट 260 मिमी रुंद. त्याची ताणशक्ती 260 × 2.5, म्हणजे 650 न्यूटन. काँक्रीट हरतं. तडा भोकाच्या काठाला सुरू होतो, कारण ताण तिथे सर्वांत जास्त असतो, आणि शेजारच्या भोकाकडे धावतो. अंतर 60 सेंमी केलं तर समोर 1,400 न्यूटन उभे राहतात आणि पेस्ट वाया जाते. म्हणून अंतर व्यासाच्या सात-आठ पट ठेवतात, सळई असेल तर आणखी कमी. तुकड्याला सरकायला एक बाजू मोकळी हवी, नाहीतर तडा पडूनही उघडत नाही.

भोक पाडण्याआधी खालून पाण्याची किंवा विजेची लाइन जात नाही ना, ते तपासा. भोकाची खोली जाडीच्या 80 ते 90 टक्के ठेवा आणि आतली भुकटी फुंकून काढा. 5 किलो पावडरला साधारण दीड लिटर थंड पाणी लागतं. पिशवीवरचं प्रमाण अंतिम. कालवल्यापासून पाच-दहा मिनिटांत पेस्ट भोकात गेली पाहिजे.

बिघडतं ते बहुतेक उष्णतेमुळे. अभिक्रिया उष्णता सोडते. भोक फार रुंद असेल, पाणी कोमट असेल किंवा हवेच्या तापमानाला न जुळणारी पावडर घेतली असेल, तर ती उष्णता बाहेर पडत नाही. पेस्ट तापते, अभिक्रिया आणखी वेग घेते, पाण्याची वाफ होते आणि गरम चुना भोकातून बंदुकीसारखा उडतो. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. गॉगल आणि रबरी हातमोजे घाला, आणि भरलेल्या भोकावर कधीही वाकून बघू नका.

तडे रुंदावल्यावर पहार घालून तुकडे सुटे करा. सळया ग्राइंडरने कापाव्याच लागतात, त्या ताणाला भीत नाहीत. भोकं पाडताना आणि कापताना पाण्याची धार चालू ठेवा आणि एन-95 मास्क लावा. वाळूतल्या सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. गाडी बोलावण्याआधी वजन काढा: 3 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 10 सेंमी जाड कोबा सुमारे 2,160 किलो भरतो, आणि त्याचा राडारोडा जवळपास दीडपट जागा खातो.