‘डीएलएल फाइल सापडत नाही’ असा संदेश आल्यास काय करावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या विंडोज संगणकांबाबत एक तक्रार वारंवार असते. ग्राहक नेहमीचे सॉफ्टवेअर उघडायला जातात आणि ते उघडण्याऐवजी पडद्यावर एक छोटी चौकट येते. अमुक फाइल या संगणकावर नसल्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, तो पुन्हा इन्स्टॉल करून पाहावा, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तिच्यात असते आणि फाइलचे नाव बहुधा ‘डीएलएल’ या अक्षरांनी संपते. बरेच ग्राहक ते नाव इंटरनेटवर शोधतात, पहिल्या सापडलेल्या संकेतस्थळावरून ती एकच फाइल उतरवून घेतात, आणि संगणक आमच्याकडे पोहोचेपर्यंत मूळचा साधा बिघाड गुंतागुंतीचा झालेला असतो. हे टळावे म्हणून हे माहितीपत्रक छापले आहे. फाइलींची नावे आम्ही फोनवर जशी सांगतो तशी येथे दिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील.

ही फाइल असते तरी काय?

पूर्वी गावोगावी लग्नकार्याची मोठी पातेली, पराती आणि सतरंज्या देवळाच्या किंवा गावकीच्या मालकीच्या असत, आणि ज्याच्या घरी कार्य असेल तो त्या घेऊन जाई. डीएलएल फाइली हा संगणकातला असाच समाईक साठा आहे. अक्षरे दाखवणे, आकडेमोड करणे, चित्र उमटवणे यांसारख्या कामांच्या सूचना प्रत्येक सॉफ्टवेअरने स्वतःजवळ बाळगण्याऐवजी त्या एका सामायिक फाइलमध्ये ठेवलेल्या असतात, आणि प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज ती फाइल शोधून त्याला जोडून देते. हा शोध साधारणपणे त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरपासून सुरू होतो आणि नंतर विंडोजच्या सिस्टिम फोल्डरांत जातो. तेथेही फाइल मिळाली नाही, की वर सांगितलेली चौकट येते.

फाइल न मिळण्याची कारणे थोडीच आहेत. ती मुळात कधी आलीच नसेल, चुकून पुसली गेली असेल, अँटिव्हायरसने ती बाजूला काढून ठेवली असेल, किंवा डिस्कच्या बिघाडामुळे अथवा अपडेट चालू असताना वीज गेल्यामुळे ती खराब झाली असेल. काही वेळा नाव आलेली फाइल जागेवर असते, परंतु तिला स्वतःला लागणारी दुसरी फाइल नसते. त्यामुळे संदेशातील नावाची फाइल आणून ठेवली की काम झाले, असे गृहीत धरता येत नाही.

सुटी फाइल का उतरवू नये

डीएलएल फाइली सुट्या देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. ती फाइल कोणी आणि कोठून काढून तेथे ठेवली, तिच्यात मागाहून काही घुसवले आहे का, हे घरबसल्या कळण्याचा भरवशाचा मार्ग ग्राहकाकडे नसतो, आणि आपण तर ती थेट विंडोजच्या गाभ्यात नेऊन ठेवत असतो. त्याच संकेतस्थळांवर ‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ करणारे प्रोग्रॅमही असतात. तेही टाकू नयेत.

फाइल निर्धोक निघाली तरी दुसरी अडचण उरते. आज वापरात असलेल्या बहुतेक संगणकांवर ६४ बिटची विंडोज असते, पण तिच्यावर ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअरही चालतात, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला आपापल्या जातीचीच डीएलएल लागते. गोंधळात भर अशी, की ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ‘सिसडब्ल्यूओडब्ल्यू६४’ नावाच्या फोल्डरमध्ये ३२ बिटच्या. जुन्या सॉफ्टवेअरना ‘सिस्टिम३२’ हे नाव सवयीचे होते म्हणून ते तसेच राहिले. नावावर विसंबून फाइल चुकीच्या जागी टाकली की पहिला संदेश जातो आणि त्याच्या जागी ‘सी०००००७बी’ या आकड्याने संपणारा नवा संदेश येतो, आणि त्यातून मूळ कारण शोधणे आम्हालाही अधिक वेळखाऊ होते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की फाइल एकटी आणू नये, ती ज्या संचाचा भाग आहे तो संपूर्ण संच मूळ कंपनीकडून घ्यावा.

नावावरून संच ओळखणे

संच कोणता हे फाइलचे नावच सांगते, आणि हे वाचायला जमले की निम्म्याहून अधिक तक्रारी ग्राहक स्वतः सोडवू शकतात, असा आमचा अनुभव आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी नावे ‘एमएसव्हीसीपी’, ‘एमएसव्हीसीआर’ किंवा ‘व्हीसीरनटाइम’ अशी सुरू होतात आणि त्यांच्यापुढे आकडा असतो. या फाइली मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या मोफत संचातील आहेत. आकडा १०० असेल तर २०१० चा संच लागतो, ११० असेल तर २०१२ चा, १२० असेल तर २०१३ चा. मायक्रोसॉफ्टने १३ हा आवृत्तीक्रमांक वगळून थेट १४ घेतला, त्यामुळे १२० नंतर १४० येतो. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या चारही आवृत्त्यांसाठी हा एकच संच चालतो. ‘व्हीसीरनटाइम१४०_१’ अशी शेवटी जादा १ असलेली फाइल मागितली जात असेल, तर संगणकावर त्या संचाची जुनी प्रत आहे असे समजावे आणि सर्वांत नवी प्रत टाकावी. संच साधारणपणे ‘एक्स८६’ (३२ बिट) आणि ‘एक्स६४’ (६४ बिट) अशा दोन रूपांत लागतो. ६४ बिटच्या संगणकावर दोन्ही टाकावेत, कारण संगणक ६४ बिटचा असला तरी अडलेले सॉफ्टवेअर ३२ बिटचे असू शकते. उतरवलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहावे. तेथे मायक्रोसॉफ्टचे नाव नसेल तर ती चालवू नये.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘अ‍ॅप्स’च्या यादीत या संचाच्या आठ-दहा नोंदी वेगवेगळ्या वर्षांच्या नावाने दिसतात, आणि जागा मोकळी करताना त्या निरुपयोगी किंवा दुबार समजून काढून टाकल्या जातात. २००८ चा संच २०१० चे काम करत नाही आणि २०१० चा संच २०१३ चे करत नाही. प्रत्येकावर कोणते ना कोणते सॉफ्टवेअर अवलंबून असू शकते. या नोंदी काढून वाचणारी जागा किरकोळ असते आणि होणारा खोळंबा मोठा असतो.

‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ असे लांबलचक नाव दिसले, तर बहुधा संगणकावर विंडोज ७ किंवा ८.१ आहे आणि तिची अपडेट अपुरी आहेत. विंडोज १० पासून हा भाग विंडोजमध्येच येतो. विंडोज ७ चे सर्वसाधारण समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हेही संगणक दुरुस्त करायचा की बदलायचा हे ठरवताना विचारात घ्यावे.

‘डी३डीएक्स९’ने सुरू होणाऱ्या फाइली जुने खेळ आणि काही जुनी आरेखनाची सॉफ्टवेअर मागतात. संगणकावर डायरेक्टएक्स १२ (खेळांतील चित्रे व आवाज हाताळणारा विंडोजचा भाग) आहे, मग ही तक्रार का, असे ग्राहक विचारतात. नव्या डायरेक्टएक्समध्ये या जुन्या साहाय्यक फाइली समाविष्ट नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स संच वेगळा टाकावा लागतो, आणि त्याने नव्याला धक्का लागत नाही.

दुकानांची बिले, पतसंस्थांची खाती, शाळांचे निकाल यांसाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्थानिक प्रोग्रॅमरांनी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये केलेली सॉफ्टवेअर अजूनही कित्येक ठिकाणी रोज चालतात. त्यांची मुख्य फाइल, ‘एमएसव्हीबीव्हीएम६०’, विंडोजमध्ये असते. परंतु ‘ओसीएक्स’ने संपणारे त्यांचे इतर भाग विंडोज देत नाही, आणि ते नुसते कॉपी करून भागत नाही, त्यांची विंडोजकडे नोंदणी करावी लागते. मूळ सेटअप चालवला की ही नोंदणी आपोआप होते. म्हणून अशा सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा तिची प्रत जिवापाड जपावी. प्रोग्रॅमर गाव सोडून गेला आणि सीडीही हरवली, अशा परिस्थितीत वर्षानुवर्षांचा हिशेब अडकून पडलेला आम्ही पाहिला आहे.

कोणत्या क्रमाने प्रयत्न करावेत

प्रथम संदेशाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढावा आणि संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. अलीकडे काही पुसले असल्यास रीसायकल बिनमध्ये पाहावे. नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडून, अँटिव्हायरसने त्याच दिवशी काही बाजूला काढले आहे का ते तपासावे. ती फाइल परवानाप्राप्त सॉफ्टवेअरची असून अँटिव्हायरसची गल्लत झाल्याची खात्री असेल, तरच ती परत घ्यावी. विनापरवाना प्रतीसोबत आलेल्या बदललेल्या डीएलएल फाइली अँटिव्हायरस बरेचदा योग्य कारणानेच काढतो, आणि त्या परत बसवून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

एकच सॉफ्टवेअर अडत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे संच टाकावा, आणि तरीही न चालल्यास आपला डेटा वेगळ्या जागी कॉपी करून ते सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल करावे. डिजिटल सहीच्या टोकनबाबत अशी तक्रार आल्यास टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकल्याने ती बहुधा सुटते.

अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी अडू लागले, किंवा विंडोजचेच भाग तक्रार करू लागले, तर विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासाव्यात. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उजवे क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा आणि इंग्रजी अक्षरांत ‘एसएफसी’, एक मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ व तिला जोडून ‘स्कॅननाउ’ असे टाइप करावे. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे उत्तर आल्यास ‘डिझम’ (डी-आय-एस-एम) ही आज्ञा ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’ आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ या तीन शब्दांसह, प्रत्येकाआधी एक जागा व तशीच तिरकी रेघ देऊन चालवावी, आणि ती संपल्यावर पहिली आज्ञा पुन्हा द्यावी. ‘डिझम’ चांगल्या फाइली साधारणपणे इंटरनेटवरून आणते, म्हणून जोडणी चालू असावी. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबलेली दिसते. तेवढ्यावरून संगणक बंद करू नये. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. या दोन्ही आज्ञा फक्त विंडोजच्या मालकीच्या फाइली दुरुस्त करतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची हरवलेली डीएलएल त्यांनी परत येणार नाही.

दोन वेगळी प्रकरणे

संगणक सुरू होताच, आपण काहीही उघडलेले नसताना, ‘रनडीएलएल’ शीर्षकाची चौकट येत असेल, तर अर्थ बहुधा उलट असतो. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची किंवा अँटिव्हायरसने पुसलेल्या व्हायरसची नोंद मागे राहिलेली असते, आणि विंडोज रोज ती नसलेली फाइल शोधत असते. येथे फाइल परत आणू नये; ‘टास्क शेड्युलर’ किंवा स्टार्टअपच्या यादीतील ती नोंद काढावी. नोंद नेमकी कोणती याबद्दल शंका असल्यास हात न लावता आम्हाला विचारावे.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर आहे. आज एक फाइल, आठवड्याने दुसरी, मध्येच संगणक गोठणे, फोल्डर उघडायला मिनिटभर लागणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर संशय डिस्कवर घ्यावा. अशा वेळी कोणतीही दुरुस्तीची आज्ञा देऊ नये, कारण खंगलेल्या डिस्कवर तासभर चालणारी तपासणी तिला आणखी ताण देते. आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. डिस्कमधून आवाज येत असेल तर तेही न करता संगणक बंद करून आणावा.

आमच्याकडे येताना

संदेशाचा फोटो, अडलेल्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा परवाना क्रमांक, डोंगल असल्यास तो, आणि तक्रार सुरू होण्याच्या सुमारास संगणकावर काय बदलले होते याची आठवण, एवढे सोबत आणावे. सुटी फाइल आधीच उतरवून टाकली असेल तर ती कोणत्या फोल्डरमध्ये टाकली हे संकोच न करता सांगावे. त्याने आमचे तास वाचतात. या तक्रारीसाठी संपूर्ण संगणक फॉरमॅट करण्याची वेळ क्वचित येते. ती आलीच, तर डेटाची प्रत आपल्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय आणि आपली लेखी संमती घेतल्याशिवाय आम्ही ते काम सुरू करत नाही.