बाळ रडलं नाही, एवढ्यावर गोष्ट संपत नाही

दोन वर्षांचं मूल टाचा टेकवत नाही, चवड्यांवर चालतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. ही सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे कोवळ्या मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडण्याची, खूण असू शकते. अशा मुलाला दाखवायला आणलेल्या घरच्यांकडून सोलापुरात पुष्कळदा एकच इतिहास ऐकू येतो: "सातव्या महिन्यात झालं, रडलं नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला." पुढे दोष कुणाचा याची चर्चा सुरू होते. डॉक्टरचा, उशिरा आलेल्या गाडीचा आणि बऱ्याचदा, काही कारण नसताना, आईचा.

इतिहास खोटा नसतो, अपुरा असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला प्रसूतीत गुदमरायला झालं, नाळ दाबली गेली किंवा कळा फार लांबल्या, तर इजा मुख्यतः मेंदूच्या करड्या भागात, खोलवरच्या केंद्रांत होते. तिथे घटना एक असते आणि ती घडल्याची वेळही बहुधा सांगता येते. कमी दिवसांच्या बाळाचं, विशेषतः ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्याचं, तसं नसतं. त्याच्या मेंदूला धोका असतो तो जन्माआधीच्या काही दिवसांपासून जन्मानंतरच्या काही आठवड्यांपर्यंत. ते जन्मताच खणखणीत रडलं असलं तरीही.

याचं कारण त्या वयातल्या मेंदूच्या बांधणीत आहे. मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूंवर मायलिन नावाचा स्निग्ध थर चढतो आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतात. हा थर चढवणाऱ्या पेशी साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या काळात अर्ध्या कच्च्या असतात. रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडला की चेतापेशींभोवती ग्लुटामेट हे रसायन साचतं, पेशींत कॅल्शियम शिरतं, मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. प्रौढ पेशी त्यांच्याशी बऱ्यापैकी झुंजते. या कच्च्या पेशींकडे त्यांचा निचरा करणारी विकरं (एन्झाइम्स) पुरेशी तयार झालेली नसतात. त्या मरतात, किंवा जगल्या तरी पक्व होत नाहीत. आईच्या गर्भाशयाला किंवा बाळाला जंतुसंसर्ग असेल, तर एरवी निभावून गेली असती अशी कमतरताही त्यांना झेपत नाही.

शिवाय या पेशी असतात ती जागा अडचणीची. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांच्या कडेचा पांढरा भाग रक्तवाहिन्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला येतो. उजनीच्या कालव्यावर टेलला शेत असणाऱ्याला हे जास्त समजावून सांगायला नको. धरणातून विसर्ग थोडा घटला तरी वरच्यांचं भागतं, कोरडं राहतं ते टेलचं शेत.

मोठ्या माणसाचा रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावून आतला पुरवठा सारखा ठेवतात. आजारी, कमी दिवसांच्या बाळात ही व्यवस्था बेभरवशाची असते. दाब उतरला की मेंदूचं रक्त उतरतं, चढला की चढतं. त्याच पोकळ्यांच्या भिंतीला नव्या चेतापेशी घडवणारा एक थर असतो, त्याच्या रक्तवाहिन्या कमालीच्या नाजूक. दाबाच्या हेलकाव्यांनी त्या फुटून रक्तस्राव होतो आणि तो बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांत होतो. भर म्हणून ही बाळं मधेमधे श्वास घ्यायचंच विसरतात. व्हेंटिलेटरने श्वास जास्त जोरात दिला आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे ऑक्सिजन भरपूर असूनही तो जिथे हवा तिथे पोहोचत नाही.

पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून अशा मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात, बोलणं-समजणंही कित्येकदा चांगलं असतं, पण पाय ताठरतात. इंग्रज शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये लंडनमध्ये या ताठरपणाचा संबंध अकाली जन्म, अवघड प्रसूती आणि गुदमरण्याशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, तेच, ते आधी मेंदूविकारांचे डॉक्टर होते) उलट शंका काढली, की अवघड जन्म हे कारण नसून आधीच बिघडलेल्या कशाचं तरी लक्षण असेल तर? फ्रॉइडच्या इतर सिद्धांतांबद्दल काहीही म्हणा, ही शंका टिकली. 'रडलं नाही' हा कधीकधी परिणाम असतो.

मग भरपूर ऑक्सिजन द्यावा, असं वाटणं साहजिक आहे. १९४०-५० च्या दशकांत तेच केलं गेलं आणि जगभर हजारो मुलांची दृष्टी गेली, कारण जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. आज या बाळांच्या रक्तातलं प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत राखतात. बाळाच्या पायाला बांधलेल्या यंत्रावर ९३ दिसलं की नातेवाईक घाबरतात, पण ऑक्सिजन चालू असताना तिथे १०० दिसणं ही काळजीची बाब आहे.

मोबाइलवर वाचून हल्ली काही जण 'बाळाला थंड करण्याच्या' उपचाराबद्दल विचारतात. तो उपचार खरा आहे: जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास शरीर सुमारे ३३.५ अंशांवर ठेवायचं. पण तो जन्मताना गुदमरलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी आहे. त्यांच्यातही भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीत (२०२१) थंड केलेल्या बाळांत मृत्यू वाढलेले दिसले. कमी दिवसांच्या बाळाला तर थंडी हाच शत्रू. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ वर असताना कूलरसमोर ठेवलेलं दीड किलोचं बाळ गार पडू शकतं, हे आजीला पटवणं सोपं नसतं. आईच्या उघड्या छातीशी धरणं हा त्यावरचा फार चांगला उपाय आहे.

या मेंदूसाठी सगळ्यात मोठं काम जन्माआधी होतं आणि इथेच जिल्ह्याचा नकाशा आड येतो. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'सिव्हिल'मध्ये, अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून धाराशिवपर्यंतचे रुग्ण येतात. करमाळा शंभर किलोमीटरहून लांब. बाळंतपण गावाकडे उरकून बाळाला गाडीत घालून आणलं, तर त्या धक्क्यांत, गारठ्यात आणि श्वासाच्या चढउतारात मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. सातव्या महिन्यात कळा आल्या तर आईलाच, बाळ पोटात असताना हलवावं. गर्भाशयाइतकी सुरक्षित पेटी कुठल्याच रुग्णवाहिकेत नसते. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी मोफत आहे.

शक्य असेल तर कळा थोपवून प्रसूती दोनेक दिवस पुढे ढकलणारी औषधं देतात. त्या वेळात डेक्सामेथासोनची इंजेक्शनं आईला मिळाली की बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतला रक्तस्रावही घटतो. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती अटळ दिसली, तर मॅग्नेशियम सल्फेट. बाळंतपणातल्या झटक्यांसाठी प्रसूतिगृहात ठेवलेलं हेच स्वस्त औषध बाळाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. जन्मल्यावर नाळ अर्धा-एक मिनिट थांबून कापणं आणि श्वास विसरू नये म्हणून कॅफिन देणं, हे त्यापुढचं. यातलं काहीही महाग नाही. महाग पडतो तो 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' या समजुतीपायी गेलेला वेळ. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ३४व्या आठवड्यातसुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांशच असतं, म्हणजे पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो.

घरी सोडण्याआधी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी झाली का, हे विचारून घ्यावं. ती चांगली आली तरी तपासण्या सोडू नयेत, कारण पांढऱ्या भागातली बारीक इजा तिच्यात नेहमी दिसत नाही. आणि वय मोजताना जन्माच्या नव्हे, प्रसूतीसाठी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजावं. ३०व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी विकासाच्या हिशेबाने ते पावणेचार महिन्यांचंच असतं. ते अजून बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा लंगोट बदलताना पाय फाकत नसतील, तर मात्र 'चालेल उशिरा, बापही उशिरा चालला होता' म्हणत न थांबता दाखवावं. व्यायाम आणि फिजिओथेरपी पहिल्या वर्षातच सुरू करायची असते.