‘कट्’ वाजलं म्हणजे मणका बसला?

कंबरेत ‘कट्’ झालं की सरकलेला मणका जागेवर बसला, ही समजूत काही जात नाही. मणका असा हाताच्या झटक्याने बसत नसतो. मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांतल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना होतं तेच. म्हणून तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही.

मग कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मुख्यतः हाताने मणक्यांना झटका देऊन करतात ते उपचार, थोतांड? तसंही नाही. अमेरिकी सैन्यदलांतल्या ७५० जणांवरची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीच्या उपचारांवर भर म्हणून ६ आठवड्यांत जास्तीत जास्त १२ वेळा हे उपचार दिले. कंबरदुखीचा १० पैकी आकडा त्यांच्यात, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा, सरासरी १.१ ने कमी राहिला. फरक खरा, पण माफकच.

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर कंबर वाजवून घेऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा.