मनगटावरचं अत्तर दुपारपर्यंत का बदलतं?

लग्नसराई सुरू झाली की मोबाईलवर एक सल्ला फिरायला लागतो: अत्तर लावल्यावर मनगटावर मनगट घासू नका, त्यानं सुगंधाचे रेणू फुटतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्या लग्नांत मांडवाच्या तोंडाशी अत्तर लावायला उभी केलेली पोरंही आता पाहुण्यांना हे ऐकवतात. घासू नये हे ठीक, पण त्याचं सांगितलेलं कारण साफ चुकीचं आहे. रेणूतले कार्बनचे बंध तोडायला शेकडो अंशांची उष्णता लागते. हातावर हात घासून कातडी दोन-चार अंशांनी तापेल, रेणूला ओरखडाही येणार नाही. घासल्यानं होतं एवढंच, की थेंब पसरतो, उघडा पृष्ठभाग वाढतो आणि जे रेणू तासाभरात उडायचे ते दहा-वीस मिनिटांतच निघून जातात.

दुसरी तक्रार याहून जुनी आहे. उरुसात किंवा आठवडी बाजारात अत्तरवाला कुपीतली काडी हाताच्या पाठीवर फिरवतो, वास आवडतो, माणूस कुपी घेऊन गावी येतो आणि संध्याकाळी म्हणतो, ‘दाखवलं एक अन् दिलं दुसरंच.’ कधी तसं घडतही असेल. पण कुपीतलं अत्तर तेच असूनही हातावरचा वास बदलू शकतो, नव्हे, बदलणारच. तो का बदलतो हे मला अत्तराच्या वासाइतकंच सुंदर वाटतं, म्हणून हा लेख.

अत्तर म्हणजे एक पदार्थ नव्हे. गुलाबाच्या तेलात शेकडो वेगवेगळे रेणू सापडतात, मोगऱ्यातही तसंच. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि भपक्यात आधीच भरून ठेवलेल्या चंदनाच्या तेलात फुलाचा गंध मुरत जातो. म्हणजे कुपीत दोन जमाती एकत्र नांदतात: फुलाचे हलके रेणू आणि चंदनाचे जड रेणू. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतलं लिमोनिन १७६ अंश सेल्सिअसला उकळतं, गुलाबी वासाचं जिरॅनिऑल २३० अंशांच्या आसपास, तर चंदनातलं सँटॅलॉल ३०० अंशांच्या जवळ.

मग ३३ अंशांच्या मनगटावरून ते उडतात कसे? पाणी १०० अंशांना उकळतं, पण दांडीवरचं धोतर त्याआधीच वाळतं, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. प्रत्येक द्रवातले काही चपळ रेणू कुठल्याही तापमानाला पृष्ठभागावरून सुटत असतात. किती सुटतात हे त्या पदार्थाच्या बाष्पदाबावर, म्हणजे त्याच्या वाफेच्या जोरावर ठरतं. लिमोनिनचा बाष्पदाब लिनालूल या अनेक फुलांत आढळणाऱ्या रेणूच्या साधारण दसपट असतो. जिरॅनिऑल लिनालूलच्याही खाली, आणि सँटॅलॉल त्याच्या कितीतरी खाली. नाकाला बाटलीतला द्रव कळत नाही, हवेत सुटलेले रेणूच कळतात. म्हणून अत्तरात काय आहे यापेक्षा या क्षणी त्यातून काय सुटतंय हे महत्त्वाचं.

आता थोडं गणित. ते करून पाहण्यासारखं आहे.

फ्रान्सवा-मारी राऊल्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात एक नियम मांडला. मिश्रणातल्या घटकाचा बाष्पदाब म्हणजे त्याचा शुद्ध अवस्थेतला बाष्पदाब गुणिले मिश्रणातल्या एकूण रेणूंमध्ये त्याचा वाटा. समजा एका अत्तरात अ, ब आणि क हे तीन घटक आहेत आणि तिघांच्या रेणूंची संख्या सारखी आहे. त्यांचे शुद्ध बाष्पदाब अनुक्रमे १००, १० आणि १ धरू. वाटा प्रत्येकाचा एक तृतीयांश, तेव्हा मनगटावरच्या हवेत त्यांचं प्रमाण १०० : १० : १ राहील. बेरीज १११. म्हणजे द्रवात अ फक्त ३३ टक्के असूनही हवेत तो ९० टक्के आहे! ब ९ टक्के, आणि क एक टक्काही नाही. अत्तरवाल्याच्या पेटीसमोर उभं राहून आपण हुंगतो तो जवळजवळ सगळा अ असतो.

थोड्या वेळानं अ संपतो. आता समजा ‘ब’चे निम्मे रेणू उडाले आणि क जवळपास तेवढाच उरला. द्रवात ब एक भाग, क दोन भाग. हवेत मात्र १० गुणिले १ आणि १ गुणिले २, म्हणजे १० : २. अजूनही हवेतला ८३ टक्के वास ‘ब’चाच. क बहुसंख्य असूनही गप्प आहे. त्याचा आवाज कधी ऐकू येईल? ब घटत घटत द्रवात एक टक्क्यावर आला, की १० गुणिले १ आणि १ गुणिले ९९, म्हणजे १० : ९९. तोवर पारडं उलटलेलं असतं आणि हवेत ९१ टक्के क होतो. संध्याकाळी मनगटावर जो वास असतो तो हाच. तो सकाळपासून तिथेच होता, पण त्याच्या रेणूंचा वाटा हवेत इतका लहान होता की नाकानं तो मोजलाच नाही.

या नियमाची दुसरी बाजू मला याहून आवडते. जड घटक स्वतः उशिरा उडतोच, शिवाय तो हलक्यालाही अडवून धरतो. द्रवाबाहेर जायचं तर रेणूला आधी पृष्ठभागावर यावं लागतं. एसटीच्या दारात नऊ जण बोचकी घेऊन उभे असले, तर उतरायची घाई असलेला दहावा माणूस दारापर्यंत पोचतच नाही. चंदनतेलाच्या नऊ रेणूंमागे जिरॅनिऑलचा एक रेणू असेल, तर जिरॅनिऑलचा बाष्पदाब शुद्ध असतानाच्या एक दशांशावर येतो. म्हणून नुसतं फुलाचं तेल लवकर विरतं आणि चंदनात उतरवलेलं अत्तर दिवसभर साथ देतं. राऊल्टचा नियम आदर्श मिश्रणांसाठी आहे. रेणूरेणूंमध्ये विशेष ओढ असेल, तर आकडे खालीवर होतात आणि त्यासाठी सक्रियता गुणांक नावाची दुरुस्ती लावावी लागते. पण तेलात तेल मिसळलेलं असताना गाडी साधारण याच रुळावरून जाते.

आता बाजारातल्या कुपीकडे या. चंदनतेल फार महाग झाल्यापासून पुष्कळसं अत्तर लिक्विड पॅराफिनसारख्या गंधहीन तेलात मिसळून विकलं जातं. पॅराफिनही जडच असतं, हलक्या रेणूंना अडवण्याचं काम तेही करतं. फरक शेवटी कळतो. चंदनातल्या अत्तरात फूल ओसरलं की खालून चंदन वर येतं. पॅराफिनमधल्या अत्तरात फूल ओसरलं की खाली काहीच नसतं, उरतो तो नुसता तेलकटपणा. ‘दुसरंच दिलं’ ही तक्रार खरं म्हणजे इथे करायला हवी, पण ती सकाळच्या वासावरून सिद्ध होत नाही.

यातलं जिरॅनिऑल विदर्भाला मुळीच परकं नाही. मेळघाटात, सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्याच्या अखेरीला रोशा गवत फुलोऱ्यावर येतं. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. चांगल्या रोशाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जिरॅनिऑलचाच असतो. गुलाबाच्या तेलातही तोच रेणू मोठ्या प्रमाणात असल्यामुळे दोन्ही वास एकमेकांच्या जवळचे. एकोणिसाव्या शतकात आपल्या भागातलं हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे महागड्या गुलाबतेलात भेसळीला वापरलं जाई. मग गुलाब ओळखायचा कसा? गुलाबतेलात डॅमॅसिनोन नावाचा एक घटक असतो, अगदी हजारात एक-दोन भाग. पण नाक त्याच्याबाबत इतकं संवेदनशील आहे की गुलाबाच्या ‘गुलाबपणा’त त्याचा वाटा मोठ्या घटकांपेक्षाही मोठा ठरतो. नुसत्या रोशात ती खोली येत नाही. पहिल्या पावसाच्या मातीवासाचंही हेच. तो देणारं जिओस्मिन जिवाणू बनवतात आणि हवेतल्या अब्जावधी रेणूंमध्ये त्याचे मोजके रेणू असले तरी आपल्याला ते कळतं.

तापमानाचा परिणाम आपल्याकडे जितका दिसतो तितका थोड्याच ठिकाणी दिसत असेल. जिरॅनिऑलसारख्या रेणूंचा बाष्पदाब दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या पहाटे शेतावर ओलिताला गेलेल्या माणसाचं उघडं मनगट २५ अंशांपर्यंत थंड पडू शकतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी तेच ३५ च्या पुढे असतं. एकाच अत्तराचा वेग निदान दुप्पट झाला. जड रेणूंचा बाष्पदाब तर तापमानाबरोबर आणखी झपाट्यानं वाढतो, दुपटीपेक्षाही जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात हलका सुगंध भुर्रकन संपतो आणि हिवाळ्यात सौम्य वाटणारी हिना किंवा कस्तुरीच्या जातीचं अत्तर डोकं उठवतं. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत हिना ही जुनी रीत भौतिकशास्त्राला धरून आहे.

‘माझी प्रकृती उष्ण आहे, माझ्या अंगावर अत्तर टिकत नाही’ असं मात्र मानू नये. शरीराच्या आतलं तापमान सगळ्या निरोगी माणसांचं जवळपास एकच असतं. फरक पडतो तो मुख्यतः त्वचेवरच्या तेलानं. त्वचेचा सर्वात वरचा थर मृत पेशींचा असतो, मनगटाशी तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच जाड. पेशींच्या मधल्या फटी मेदानं भरलेल्या असतात आणि वरून तैलग्रंथींचा स्राव पसरतो. अत्तराचे रेणू तेलात विरघळणारे, म्हणून ते या थरात शिरतात आणि तिथेही राऊल्टचाच नियम लागू होतो: तेल जास्त, तर सुगंधी रेणूंचा वाटा कमी, उडणं सावकाश. साबणानं खसखसून धुतलेल्या, थंडीनं उललेल्या हातावर अत्तर टिकत नाही ते यामुळे. आधी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, फरक त्याच दिवशी कळेल. ‘त्वचेच्या रसायनामुळे प्रत्येकाच्या अंगावर अत्तराचं वेगळंच अत्तर होतं’ ही जाहिरातीतली भाषा फुगवलेली आहे. बदल होतात, पण त्यातले बहुतेक तेल, तापमान, वारा आणि माणसाचा स्वतःचा अंगगंध यांचेच असतात.

कानात फाया ठेवण्याची पद्धत या दृष्टीनं फार शहाणी आहे. कानाच्या खळग्यात वारा लागत नाही, ऊब मिळते. आणि फाया करायचा तर औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र कापसापेक्षा घरच्या वेचणीचा, सरकी काढलेला कच्चा कापूस घ्यावा. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा पातळ लेप असतो. म्हणून तो पाण्यावर तरंगतो, पण तेल मात्र चटकन ओढून घेतो. दवाखान्याच्या कापसातलं मेण धुऊन काढलेलं असतं.

एवढं सगळं मनगटावर घडत असताना नाकही स्थिर नसतं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांचं, म्हणजे नाकात वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांचं जनुक-कुटुंब शोधलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात. एकच गंध सतत येत राहिला की काही मिनिटांतच हे ग्राहक आणि मेंदू त्याला प्रतिसाद देणं कमी करतात. आपल्याला वाटतं अत्तर उडालं, शेजारी बसलेल्याला ते भपकन येत असतं. शिवाय माणसामाणसात ग्राहक वेगळे. व्हायोलेट फुलातलं बीटा-आयोनोन एका जनुकातल्या फरकामुळे काहींना फुलासारखं, तर काहींना आंबट लागतं. काही कृत्रिम कस्तुऱ्या काही लोकांना मुळीच जाणवत नाहीत. नवराबायकोचं एका अत्तरावर एकमत झालं नाही, तर दोघंही खरं सांगत असू शकतात.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. यात्रेत ‘वशीकरण अत्तर’ विकतात आणि शहरात तोच माल ‘फेरोमोन’ नावानं विकतात. फेरोमोन म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांत एकमेकांना संदेश पोचवणारा रासायनिक पदार्थ. माणसातला एकही फेरोमोन आजवर रासायनिकदृष्ट्या सिद्ध झालेला नाही. इतर प्राण्यांत तो संदेश वाचणाऱ्या इंद्रियाला लागणारं महत्त्वाचं जनुक आपल्यात मोडकळीला आलेलं आहे. तिन्हीसांजेला अत्तर लावून बाहेर पडणाऱ्या पोरीला ‘झपाटतं’ म्हणून घरात बसवणं हा तर निव्वळ अन्याय आहे. सुगंधी रेणू मच्छरालाच काय ते खुणावतील किंवा पळवतील, भुताला नाही.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लिमोनिन आणि लिनालूल यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात आणि त्यांनी त्वचेला ॲलर्जी येऊ शकते. टिनाच्या छपराखाली, उन्हात तापणाऱ्या खिडकीत अर्धी रिकामी कुपी वर्षभर पडली असेल, तर ती अंगाला लावू नका. घट्ट बुचाची, भरलेली, अंधाऱ्या गार कोनाड्यातली कुपी जास्त दिवस चांगली राहते. आणि लिंबाच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलात फ्युरानोकुमरिन नावाचे पदार्थ असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. असं लिंबूवासाचं तेल लावायचंच असेल, तर सदऱ्याच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि मान, मनगटाला न लावताच शेतात जा.