मखमलीने घासलेली काच

चादरीत उभी रेघ दिसली की आमच्या सोलापुरात मागावरचा कारागीर लगेच सांगतो, इथं तार तुटली होती. माझ्या जुन्या मॉनिटरवरही तशीच रेघ होती. खोलीतले दिवे घालवून पडदा काळा केला की डावीकडे बोटभर रुंदीचा फिकट, तिरका पट्टा उमटायचा. नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पॅनलच बदलावं लागेल." त्याचं बरोबर होतं. दोष काचेच्या आत होता, आणि गंमत म्हणजे संशय कापडावरच जातो.

मॉनिटरच्या एलसीडी पडद्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) जेमतेम 3-4 मायक्रोमीटरचा थर असतो. केसाची जाडीसुद्धा याच्या कितीतरी पट. द्रवस्फटिकाचे काडीसारखे रेणू मोकळे सोडले तर जागोजागी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात. म्हणून काचेच्या आतल्या बाजूला पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पातळ लेप देतात आणि मखमल गुंडाळलेला रूळ त्यावरून एकाच दिशेने फिरवतात. लेपाच्या साखळ्या त्या दिशेला ओढल्या जातात, रेणू त्यांच्यामागे रांगेत लागतात. मखमलीवरून हात फिरवून बघा: एकीकडे गडद, उलटीकडे उजळ. लव जशी झोपते तसंच हे.

घासल्यामुळे हे रेणू पृष्ठभागापासून किंचित उचललेलेही राहतात, साधारण एक ते काही अंश. हा कल नसेल तर वीज दिल्यावर काही रेणू एका बाजूने उठतात, काही दुसऱ्या, आणि दोघांच्या सीमेवर प्रकाशाची रेघ पडते.

पण कापड ते कापडच. लव झिजते, तंतू गळतात, घर्षणाने साठलेली स्थिर वीज बारीक ट्रान्झिस्टर जाळते. काचेवरच्या बारीक विजेच्या तारांच्या उंचवट्यांपाशी तर लव वाकते आणि पलीकडचा कोपरा नीट घासलाच जात नाही.

यावर उपाय निघाला तो हात न लावण्याचा. 1992 मध्ये स्विस भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन शाट आणि सहकाऱ्यांनी ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, अतिनील प्रकाशाने लेपाला दिशा देण्याची रीत मांडली. प्रकाशाच्या कंपनदिशेत असलेले लेपाचे रेणूच प्रामुख्याने बदलतात, त्यामुळे लेपाला आपोआप दिशा येते. ना धूळ, ना ओरखडा. सुरुवातीला द्रवस्फटिकावरची लेपाची पकड मात्र कच्ची होती. एकच चित्र फार वेळ ठेवलं की त्याची सावली मागे उरायची. लेपाची रसायनं सुधारली, प्रकाशानंतर तापवून साखळ्या आणखी नीट बसवल्या, तेव्हा ही अडचण आवाक्यात आली.

हल्ली टीव्ही घेताना मी दुकानदाराला आधी काळा पडदा लावायला सांगतो. कारंज्याचं झगमगीत चित्र बंद करताना त्याचं तोंड वाकडं होतं.