डिस्क ठणठणीत, मग पेटी का तापली? स्मार्ट आणि सेस यांतला फरक

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि यंत्रमागांच्या शेजारच्या ऑफिसात सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. अशाच एका खोलीत चादरीच्या डिझाइनच्या फाइली असलेली, साटा जोडणीच्या बारा हार्ड डिस्कची पेटी मी सांभाळतो. तिथे मला हमखास विचारतात, "स्मार्टचा रिपोर्ट ठीक आहे ना? मग सेस कशाला?" दोन्ही हार्डवेअरची तब्येत सांगतात, म्हणून गल्लत होते. तब्येत कोणाची, ते मात्र वेगळं.

स्मार्ट, म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येत तपासायची सोय, डिस्कच्याच आत असते. डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच बसवलेला प्रोग्रॅम, स्वतःपुरती नोंद ठेवतं: ५ क्रमांकाला बदलून टाकलेले सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे), १९७ ला संशयित सेक्टर, १९४ ला तापमान. भाडेकरूला आपला ताप कळतो, वाड्याची तुळई कुजलेली कळत नाही.

वाड्याकडे बघतं ते सेस, म्हणजे स्कझी एन्क्लोजर सर्व्हिसेस. स्कझी ही डिस्कसारख्या उपकरणांशी बोलायची प्रमाण पद्धत, एन्क्लोजर म्हणजे पेटी. पेटीतच, बहुधा अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या एक्सपांडर चिपमध्ये, एक छोटा प्रोसेसर पंखे, पॉवर सप्लाय, तापमानाचे सेन्सर आणि डिस्कच्या खणांवर नजर ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो १३ क्रमांकाच्या प्रकारचं स्वतंत्र स्कझी उपकरण म्हणून दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिममधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम, स्वतः काही मोजत नाही. तो या प्रोसेसरला विचारतो आणि उत्तराचा अर्थ लावतो. तापमान एका बाइटमध्ये येतं, त्यातून २० वजा करायचे: ६२ आले तर ४२ अंश.

गेल्या उन्हाळ्यात बाराही डिस्कचं तापमान चढलं. स्मार्टचा निकाल सगळीकडे 'पास्ड'. आम्ही एसीला दोष देत बसलो. सेसला विचारणारी एसजी-सेस ही आज्ञा चालवली तर आत येणाऱ्या हवेचं तापमान रोजच्याइतकंच, एक पंखा शून्य फेऱ्यांवर, स्थिती 'क्रिटिकल'. पात्यांत सूत अडकलं होतं. डिस्क तापलीय हे स्मार्टने सांगितलं होतंच, का तापली हे सांगणं त्याच्या हातात नव्हतं.

ड्रायव्हरही सगळीकडे सारखा नसतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो पंखे आणि तापमान थेट सिस्टिमच्या सेन्सरांच्या यादीत आणतो. तिच्याच जातीच्या फ्रीबीएसडीत त्यासाठी 'सेसयुटिल' ही आज्ञा आहे. लिनक्सचं सेस मॉड्यूल (तिथला ड्रायव्हर) मात्र मुख्यतः खण आणि त्यांचे दिवे दाखवतं. पंख्यासाठी एसजी-सेस वेगळं चालवावं लागतं. मॉड्यूल लोड झालं म्हणजे पहारा सुरू झाला, असं कृपया समजू नका. साध्या, स्वस्त पेट्यांत तर सेस नसतंच.

आणखी एक. डिस्क पूर्ण मेली की स्मार्ट उत्तरच देत नाही. सेसला तिचा खण तरीही माहीत असतो. लिनक्सात त्या खणाच्या 'लोकेट' फाइलीत १ लिहिलं की दिवा लागतो. रेड-५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालू राहणाऱ्या डिस्कच्या संचात, एक डिस्क गेलेली असताना चुकून शेजारची चांगली डिस्क ओढली, तर सगळा संच बंद पडतो. दिवा दिसल्याशिवाय मी त्या पेटीला कोणाला हात लावू देत नाही.